जीवनसत्त्वाची टोचणी : केव्हां आणि कशासाठीं

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्राच्या काठानें जाणारा रस्ता आरे-वारे येथें डोंगराच्या कडेवर चढतो. एका वळणावरून खालीं एक पुळण दिसते, पुढच्या वळणावरून दुसरी. मधें खडक, पाठीमागें सुरूचीं झाडें आणि समोर उघडा अरबी समुद्र. हा देखावा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु देखाव्यावरून नजर काढून या किनाऱ्यावरील घरांतल्या ताटांकडे जरा बारकाईनें पाहिलें, तर अधिक उपयोगाची गोष्ट हातीं लागते. एका घरांत भाताबरोबर बांगड्याचें कालवण किंवा खाडींतल्या तिसऱ्या असतात. दोन कुंपणें ओलांडून गेलें कीं दुसऱ्या घरांत तोच भात, तेंच कोकम, तोच नारळ. मासळी मात्र नाहीं. कोठें पिढीजात शाकाहार असतो, कोठें घरच्या वडिलांनीं पंढरीची माळ घातलेली असते. दोन्ही ताटांनीं पोट सारखेंच भरतें. तथापि त्यांत एका पदार्थाचा जो फरक आहे, तो डोळ्यांस न दिसणारा, तराजूंत न भरणारा, आणि कित्येक वर्षांनीं अंगावर उमटणारा असा आहे. त्या पदार्थाचें नांव ब-१२ जीवनसत्त्व.

या जीवनसत्त्वाची गरज किती थोडी असते हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रोग्रॅम म्हणतात. मोठ्या माणसास दिवसाला असे दोन ते अडीच भाग पुरतात. ऐंशी वर्षांच्या आयुष्याची सारी गरज एकत्र केली तरी ती ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहून कमी भरेल. पण एवढ्याशा पदार्थावर शरीरांतील दोन मोठीं कामें अवलंबून आहेत. हाडांच्या पोकळींतील मज्जेंत रोज कोट्यवधि तांबड्या पेशी जन्मास येतात. त्या पेशींची वाढ व विभागणी या जीवनसत्त्वावांचून नीट होत नाहीं. दुसरें काम मज्जातंतूंचें. विजेच्या तारेवर जसें वेष्टन असतें, तसें मज्जातंतूंवरहि एक स्निग्ध वेष्टन असतें; तें शाबूत राखण्यास ब-१२ लागतें. यामुळें त्याच्या अभावीं रक्त बिघडतें आणि मज्जारज्जूसहि इजा पोंचते.

तें मिळतें कोठून? तें करण्याची विद्या कोणत्याहि झाडास अवगत नाहीं, कोणत्याहि प्राण्यासहि नाहीं. ती फक्त कांहीं सूक्ष्म जंतूंस साधली आहे. गाईम्हशींच्या पोटांतील पहिल्या कप्प्यांत असे जंतु असतात. गवतांतून आलेल्या कोबाल्ट नांवाच्या धातूच्या अंशापासून ते हें जीवनसत्त्व तयार करतात आणि त्याचा कांहीं भाग दुधांत उतरतो. समुद्रांत हेच काम तेथले जंतु करतात. लहान जीवांच्या पोटांतून तें मासळींत येतें. तिसऱ्या आणि कालवें हे प्राणी तर दिवसभर पाणी गाळून त्यांतले बारीक कण खात असतात. म्हणून त्यांच्या अंगांत या जीवनसत्त्वाचा सांठा विलक्षण असतो. मूठभर तिसऱ्यांत माणसाची कित्येक दिवसांची गरज भागते. बांगडा आणि तारली यांतहि तें भरपूर असतें, अंड्यांत थोडें असतें. उलट नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला, पालक, बदाम, खजूर हे पदार्थ इतर गुणांनीं कितीहि मोठे असले तरी त्यांत ब-१२ नाहीं. शेवाळाच्या गोळ्यांत तें असल्याचें सांगण्यांत येतें. परंतु त्यांत आढळणारें द्रव्य बहुतांशीं नुसतें त्याच्यासारखें दिसणारें असून शरीराच्या उपयोगी पडत नाहीं.

शाकाहारी माणसास राहतां राहिलें दूध. शंभर मिलिलिटर दुधांत अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आंतबाहेर ब-१२ असतें. म्हणजे सारी गरज दुधावर भागवावयाची तर रोज अर्धा लिटर तरी दूध, दहीं किंवा ताक पोटांत गेलें पाहिजे. चहांत पडणाऱ्या दोन चमचे दुधानें हा हिशेब पुरा होत नाहीं.

मग शाकाहारी माणूस लगेच आजारी कां पडत नाहीं, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर यकृतांत आहे. निरोगी माणसाच्या यकृतांत या जीवनसत्त्वाची अनेक वर्षें पुरेल इतकी शिल्लक असते. श्रावण पाळल्यानें किंवा पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्यामुळें महिना दोन महिने मासळी न मिळाल्यानें कांहीं बिघडत नाहीं, तें याच कारणानें. परंतु जमा थोडी आणि खर्च चालू असा व्यवहार वर्षानुवर्षें चालला म्हणजे पेढी केव्हां तरी बुडतेच. आणि ती हळूहळू बुडत असल्यामुळें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

अशा घरांतील साठी ओलांडलेल्या एखाद्या आजीबाई डोळ्यांपुढें आणाव्या. सकाळीं चहा, दुपारीं आमटीभात, रात्रीं मऊ भात व मेतकूट, एकादशीला उपास. घरांतलें दूध आधीं नातवंडांस, मग उरल्यास त्यांना. प्रथम त्यांची जीभ लालबुंद व गुळगुळीत होते आणि तिखट झोंबूं लागतें. मग तळपायांना मुंग्या येतात. पायांतली वहाण निसटली तरी कळत नाहीं. चेहरा फिकट, किंचित् पिवळसर दिसतो. विहिरीवरून कळशी आणतांना धाप लागते. अंधारांत पडवीवरून अंगणांत उतरतां पाऊल चुकतें. तोंड धुण्यासाठीं डोळे मिटले कीं तोल जातो. विसर पडूं लागतो, स्वभाव चिडखोर होतो. घरांतील मंडळी म्हणतात, "आतां वय झालें, चालायचेंच." सून मायेनें खजूर आणते, लोहाच्या गोळ्या आणते, पण गुण येत नाहीं.

डोळे मिटल्यावर तोल कां जावा, हें समजून घेण्यासारखें आहे. आपलें पाऊल कोठें पडलें, गुडघा किती वांकला, याची वार्ता पायांकडून मज्जारज्जूच्या मागील भागांतून मेंदूकडे जात असते. ब-१२ च्या अभावीं पहिली इजा पुष्कळदां याच मार्गास होते. वार्ता येईनाशी झाली कीं माणूस डोळ्यांनीं पाहून पाऊल टाकूं लागतो. उजेडांत हें कसेंबसें निभावतें; अंधार झाला किंवा डोळे मिटले कीं तोहि आधार जातो. म्हणून आजीबाईंचें अंधारांतलें अडखळणें ही म्हातारपणाची खूण म्हणून सोडून देतां कामा नये. तें या रोगाचें लक्षण असूं शकतें आणि तशी तपासणी झाली पाहिजे. मज्जातंतूंची इजा नवी असली तर ती पुष्कळशी भरून येते. जुनी झाली तर राहून जाते. येथें महिन्यांचा हिशेब आहे, आणि घरांतल्या मंडळींच्या "चालायचेंच" या एका शब्दांत ते महिने निघून जातात.

या रोगाची ओळख वैद्यकशास्त्रास एकदम झालेली नाहीं. लंडनचे डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं एका असाध्य रक्तक्षयाचें वर्णन केलें. पुढें सत्तर वर्षें त्याचें निदान म्हणजे मृत्यूचाच निरोप समजला जाई. १९२६ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथील जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनीं ४५ रोग्यांस रोज भरपूर यकृत खावयास घालून ते बरे होत असल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांच्या आधीं जॉर्ज व्हिपल यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून यकृतानें रक्त वाढतें हें दाखविलें होतें. या तिघांस १९३४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण जवळजवळ पाव किलो यकृत रोज गिळणें हा उपचारच रोग्यास शिक्षेसारखा वाटे. तेव्हां यकृताचा अर्क काढून तो सुईनें टोचण्याची युक्ति निघाली. १९३० च्या सुमारास जर्मनींत गेन्स्लेन यांनीं असा अर्क तयार केला. आणि पोटांतून घेतलेल्या यकृतापेक्षां टोचलेल्या अर्काची अगदीं थोडी मात्रा पुरते असें दिसून आलें.

असें कां व्हावें? याचा उलगडा बॉस्टनचेच विल्यम कॅसल यांनीं केला. निरोगी माणसानें मांस खावें, तासाभरानें त्याच्या जठरांतून तें अर्धवट पचलेलें मांस काढावें आणि नळीनें रोग्याच्या पोटांत सोडावें, असा तो चमत्कारिक प्रयोग होता. नुसतें मांस देऊन रोग्यास गुण येईना. निरोगी जठराच्या रसाशीं मिसळलेलें मांस दिल्यावर मात्र रक्त वाढलें. त्यावरून असें ठरलें कीं, निरोगी जठर एक द्रव्य स्रवतें आणि त्याच्या सोबतीवांचून अन्नांतलें हें सत्त्व शरीरांत शिरत नाहीं. ॲडिसन यांच्या रोग्यांत ती सोबतच नाहींशी झालेली असते.

याच सुमारास या शोधाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईंत लिहिला जात होता. १९२८ सालीं लुसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या आणि परळ येथील हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. बाळंतपणांत दगावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंचा तपास त्या वेळीं मार्गरेट बाल्फर यांच्या देखरेखीखालीं चालू होता. गिरणगांवांतील गर्भवती कामगार स्त्रियांत एक भयंकर रक्तक्षय आढळे. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांच्या तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमीपेक्षां मोठ्या दिसत. अगदीं ॲडिसन यांच्या रोगांतल्यासारख्या. विल्स यांनीं त्या स्त्रियांच्या वस्तींत व स्वयंपाकघरांत जाऊन त्या काय खातात याची चौकशी केली. प्रथम जंतूंचा संशय होता; तो टिकला नाहीं. मग त्यांनीं उंदरांस व माकडांस तसलेंच निकृष्ट अन्न देऊन पाहिलें. शेवटीं मार्माइट नांवाचा, यीस्टपासून केलेला एक स्वस्त काळा अर्क त्यांच्या उपयोगी पडला. तो दिल्यावर चौथ्या दिवसाच्या सुमारास रोगी स्त्रियांच्या रक्तांत नव्या पेशी दिसूं लागत आणि मरणोन्मुख बाई अन्न मागूं लागे. हा वृत्तान्त त्यांनीं १९३१ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध केला.

परंतु विल्स यांच्या कामाचें खरें मर्म पुढच्या निरीक्षणांत आहे. यकृताचा कच्चा अर्क या मुंबईच्या स्त्रियांस लागू पडे. पण शुद्ध केलेला अर्क टोचला असतां, जो ॲडिसन यांच्या रोग्यांस तात्काळ गुण देई, तोच या स्त्रियांस निष्फळ ठरे. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनीं यावरून स्पष्ट अनुमान काढलें कीं, येथें दोन निराळीं सत्त्वें आहेत. रक्ताचें चित्र एक, पण उणीव दोन प्रकारची. मार्माइटमधील सत्त्व तें फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून मिळविण्यांत आलें आणि १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रांतील शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें.

यकृतांतील सत्त्व हातीं येण्यास १९४८ साल उजाडलें. अमेरिकेंत मर्क कंपनींत कार्ल फोकर्स यांनीं आणि इंग्लंडांत ग्लॅक्सो कंपनींत लेस्टर स्मिथ यांनीं तें स्वतंत्रपणें स्फटिकरूपानें वेगळें केलें. टनावारी यकृतांतून चिमूटभरहि न भरणारे ते स्फटिक तांबडे लाल होते. कारण त्यांच्या गाभ्यांत कोबाल्टचा एक अणु असतो. औषधाच्या दुकानांतील ब-१२ ची कुपी आजहि लाल दिसते ती त्यामुळेंच. त्याची गुंतागुंतीची रचना डॉरथी हॉजकिन या विदुषीनें १९५६ पर्यंत उलगडली. त्यांना १९६४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां हें औषध काढण्यास यकृत लागत नाहीं. मोठ्या टाक्यांत जंतु वाढवून त्यांच्याकडून तें करवून घेतलें जातें. ज्यांना मांसमत्स्याचा स्पर्श वर्ज्य आहे अशा श्रोत्यांनीं ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवावी.

या इतिहासांत एक चूकहि घडली आणि तिचा धडा आजहि उपयोगाचा आहे. फॉलिक आम्ल स्वस्तांत मिळूं लागतांच तें ॲडिसन यांच्या रोग्यांसहि देण्यांत आलें. रक्त सुधारलें, गाल लाल झाले, सर्वांस आनंद झाला. पण थोड्याच काळांत त्यांतील कित्येकांचे पाय लुळे पडूं लागले. फॉलिक आम्लानें रक्ताची उणीव झांकली, मज्जातंतूंची झांकली नाहीं. घरास वाळवी लागली असतां भिंतीस नुसता चुना लावावा, तसा तो प्रकार झाला. म्हणून मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला कीं ब-१२ ची उणीव आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून नुसतें फॉलिक आम्ल देऊं नये, असा नियम वैद्यकांत ठरून गेला.

आतां मुख्य प्रश्न. जीवनसत्त्व हें अन्नाचा अंश. मग तें सुईनें कां टोचावें? अन्नांतलें ब-१२ प्रथिनाशीं बांधलेलें असतें. जठरांतील आम्ल तें सोडवितें. मग कॅसल यांनीं शोधलेलें द्रव्य त्यास धरून लहान आंतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतें आणि तेथें तें शरीरांत शिरतें. ही वाट लांब आहे, तिच्यावर नाकीं पुष्कळ आहेत आणि एका वेळेस जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच तींतून जाऊं शकतात. उतारवयांत जठरांतील आम्ल कमी होतें. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षें घेतल्यानेंहि तसेंच होतें. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हें औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत हें शोषण मंदावतें. ज्यांच्या जठराचा किंवा आंतड्याच्या शेवटच्या भागाचा छेद झाला आहे, त्यांची तर वाटच तुटलेली असते. टोचणी हीं सारीं नाकीं चुकविते. दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूंत सोडलेलें औषध सरळ रक्तांत जातें आणि रिकामें यकृत भरूं लागतें.

एका कुपींत बहुधा १००० मायक्रोग्रॅम ब-१२ असतें, म्हणजे वर्षभराच्या गरजेहूनहि अधिक. मात्र तें सगळें अंगीं लागत नाहीं. बराचसा भाग मूत्रावाटे निघून जातो, म्हणून टोचण्या एकामागून एक द्याव्या लागतात. सर्वसाधारण पद्धत अशी कीं, प्रथम एक-दोन आठवडे रोज किंवा दिवसाआड, मग महिनाभर आठवड्यास एक, आणि पुढें महिन्यास किंवा दोन-तीन महिन्यांस एक. मज्जातंतूंस इजा झाली असल्यास पहिला टप्पा अधिक लांबवितात. औषधाचेहि प्रकार आहेत: सायनोकोबालमिन, हायड्रॉक्सोकोबालमिन, मिथिलकोबालमिन. त्यांतील हायड्रॉक्सोकोबालमिन शरीरांत अधिक काळ टिकतें. कोणतें, किती व किती दिवस, हें रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरांनींच ठरवावें.

टोचणीनंतर काय घडतें, हें पाहण्याजोगें असतें. दोन-तीन दिवसांतच रोग्याच्या मुद्रेवर तरतरी येते, जिभेची आग कमी होते, भूक लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्तांत कोवळ्या पेशी वाढूं लागतात आणि आठवडाभरांत त्यांचा पूर येतो. रक्त पूर्ववत् होण्यास सुमारें दोन महिने लागतात. मज्जातंतु मात्र सावकाश सुधारतात. मुंग्या जाण्यास, पाऊल स्थिर पडण्यास कित्येक महिने लागतात. क्वचित् पहिल्या कांहीं दिवसांत मुंग्या थोड्या वाढल्यासारख्याहि वाटतात. त्यानें घाबरून उपचार सोडूं नये.

सावधगिरीच्याहि कांहीं गोष्टी आहेत. पहिली टोचणी देण्यापूर्वीं रक्त तपासणीसाठीं काढून घेतलेलें बरें. कारण एकदां औषध अंगांत गेलें कीं मूळची उणीव किती होती हें तपासणींत कळत नाहीं. फार तीव्र रक्तक्षयांत उपचाराच्या पहिल्या दिवसांत नव्या पेशी रक्तांतील पोटॅशियम ओढून घेतात व तें एकदम उतरूं शकतें. अशा अशक्त हृदयास दुसऱ्याचें रक्त घाईनें भरणेंहि घातक ठरूं शकतें. म्हणून असा रोगी रुग्णालयांत ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखालीं बरा करावा. सुई प्रत्येक वेळीं नवी असली पाहिजे, हें सांगणें न लगे.

टोचणी हा एकच मार्ग आहे असेंहि नव्हे. तोंडानें घेतलेल्या मोठ्या मात्रेंतील सुमारें शेंकडा एक भाग कोणत्याहि सोबतीवांचून आंतड्यांतून आपोआप झिरपतो. त्यामुळें १००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतल्यास दहा मायक्रोग्रॅम तरी शरीरास मिळतात. स्वीडनसारख्या देशांत पुष्कळ रोग्यांस अशा गोळ्यांवरच ठेवितात. उणीव सौम्य असेल, आणि गोळी नियमानें घेतली जाईल अशी खात्री असेल, तर सुईची गरज नाहीं. मात्र चाल अडखळूं लागली असेल, बुद्धीस मांद्य आलें असेल, रक्त फारच उतरलें असेल किंवा मूल दुखणाईत असेल, तर प्रथम टोचणीच योग्य. तेथें वाट पाहण्यास सवड नसते.

मुलांचा प्रश्न विशेष कळवळ्याचा आहे. मातेच्या अंगांत ब-१२ नसेल तर तें तिच्या दुधांतहि उतरत नाहीं. १९६२ सालीं वेल्लोर येथील डॉक्टरांनीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत अशा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलीं हीं बाळें दिसावयास गुटगुटीत असत. पण हंसतीं खेळतीं मुलें हळूहळू मंद होत, बसूं लागलेलें मूल पुन्हां आडवें राही, बोटांच्या पेरांवर काळसर डाग पडत, हातपाय थरथरत. ब-१२ मिळतांच तीं पुन्हां मान उचलून आईकडे पाहूं लागत. अशा मुलांस आरंभीं थोड्या मात्रेनें औषध देऊन हळूहळू वाढवितात. उपचारास उशीर झाला तर मूल जगतें, पण त्याची बुद्धि मागें राहण्याचा धोका असतो. आणि पुष्कळदां घरच्यांचा समज असा असतो कीं, बाळ शांत आहे, त्रास देत नाहीं!

ही उणीव महाराष्ट्रांत किती पसरली आहे याचा अंदाज पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांच्या कामानें येतो. त्यांनीं पुणें शहर व परिसरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचें रक्त तपासलें. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें त्यांतील शेंकडा ६७ जणांत ब-१२ कमी होतें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालीं त्यांनीं गर्भवती स्त्रियांची पाहणी आरंभिली. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश मातांत हीच उणीव आढळली. त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर असें दिसून आलें कीं, ज्या मातांत फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ थोडें होतें, त्यांच्या मुलांत इन्शुलिन नीट लागू न पडण्याची, म्हणजे पुढें मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ति सर्वांत अधिक होती. विल्स यांनीं मुंबईंत वेगळीं ओळखलेलीं तीं दोन सत्त्वें तराजूच्या दोन पारड्यांसारखीं आहेत, हें येथें पुन्हां प्रत्ययास आलें.

या ठिकाणीं एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. २०१८ सालच्या 'अॅनिमिया मुक्त भारत' योजनेंत गर्भवती स्त्रीसाठीं जी गोळी ठरविण्यांत आली, तींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आहे, ब-१२ नाहीं. ती गोळी अत्यंत जरुरीची आहे आणि ती कोणीहि सोडूं नये. पण शाकाहारी गर्भवतीनें, किंवा जिच्या ताटांत मासळी नांवापुरती येते अशा स्त्रीनें, ब-१२ विषयीं डॉक्टरांस किंवा आरोग्यसेविकेस वेगळें विचारावें. पौष्टिक केलेल्या सरकारी तांदळासाठीं जें प्रमाण ठरलें, त्यांतहि किलोमागें ब-१२ फक्त ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम धरलें आहे. तें चांगलें, पण नुसत्या तेवढ्यावर विसंबून राहतां येणार नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे कीं, प्रत्येक जीवनसत्त्व सुईनेंच घ्यावें. बालकांस अ-जीवनसत्त्वाचा डोस तोंडानेंच पाजतात. क-जीवनसत्त्वाची उणीव आंवळ्यानें, पेरूनें भरते. नवजात बालकास रक्तस्राव होऊं नये म्हणून के-जीवनसत्त्वाची एक टोचणी जन्मतःच देतात. दारूच्या व्यसनानें किंवा दीर्घ उपासमारीनें खंगलेल्या माणसास ब-१ जीवनसत्त्व टोचावें लागतें, आणि तें साखरेचें सलाइन लावण्यापूर्वीं द्यावें लागतें. एरव्हीं मेंदूस इजा होण्याची भीति असते. प्रत्येक ठिकाणीं सुईस कारण आहे. कारणावांचून, थकवा आला म्हणून "ताकदीचें इंजेक्शन" मागण्याची जी चाल पडली आहे, ती मात्र सोडण्याजोगी आहे. लाल औषध पाहून मनाला उभारी येते. पण ज्याच्या अंगांत उणीव नाहीं त्यास त्या टोचणीनें नवी शक्ति येत नाहीं. उलट, थकव्याचें खरें कारण क्षय, मधुमेह किंवा रक्तस्राव असें कांहीं असल्यास तें तसेंच लपून राहतें.

आतां आजीबाईंकडे परत येऊं. पायांस मुंग्या येऊं लागल्यापासून दोन-चार महिन्यांच्या आंत त्यांचें रक्त तपासलें गेलें आणि टोचण्या सुरू झाल्या, तर पुढल्या पावसाळ्यापर्यंत त्या बहुधा स्वतःच्या पायांनीं देवळांत जाऊन येतील. तेंच दुखणें दोन वर्षें वयाच्या नांवावर ढकललें, तर औषध तेंच, सुई तीच, रक्तहि सुधारेल. पण हातांतली काठी कदाचित् सुटणार नाहीं. औषधाची किंमत थोडी असते, पण उशिराची फार मोठी.

ज्या घरांत मासळी शिजते त्यांनीं ती वडीलधाऱ्यांच्या आणि गर्भवतीच्या ताटांतहि पडते ना हें पाहावें. ज्या घरांत ती शिजत नाहीं त्यांनीं आपला आचार खुशाल पाळावा. पण दूधदुभतें केवळ मुलांपुरतें न ठेवतां घरांतल्या स्त्रियांस आणि वृद्धांसहि द्यावें, आणि तें परवडत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें ब-१२ ची साधी गोळी चालू ठेवावी. पोट जपणाऱ्या गोळ्या व मधुमेहाचें औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनीं वर्षाकांठीं एकदां रक्त तपासून घ्यावें. आणि घरांतलें कोणी अंधारांत अडखळूं लागलें, कोणाची जीभ सोलल्यासारखी झाली, किंवा कोणाचें हंसरें मूल मुकाट झालें, तर "चालायचेंच" असें न म्हणतां त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें.